‘चार लोक’ कोण, ते आधी शोधा : जबरीच्या लग्नात अडकलेल्या मुलींसोबत काम करताना

सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू घरातली आई म्हणते, “नलुगुरु एमनुकुंटारु?” अक्कलकोटकडच्या कन्नड घरात तेच “नाक मंदी एन अंतार?” होतं. विजापूर वेशीकडच्या दखनी घरात “चार लोगां क्या बोलेंगे?” आणि मराठी घरात अर्थातच “चार लोक काय म्हणतील?” भाषा बदलली तरी आकडा चारच. मुलीला नको असलेलं लग्न याच चौघांच्या नावावर खपवलं जातं.

इतकी वर्षं मुलींशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलून माझी एक गोष्ट पक्की झाली आहे. हे चार लोक हवेतले नसतात. त्यांना नावगाव असतं, आणि त्यांच्याकडे वडिलांचं काहीतरी अडकलेलं असतं. ते कोण आहेत हे कळेपर्यंत समुपदेशक आईबापांशी नुसतीच हुज्जत घालत बसतो. पुढे लिहिलेलं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं. प्रसंग खरे आहेत, पण ओळख पटू नये म्हणून तपशील एकमेकांत मिसळले आहेत.

हे लिहितेय ते नव्याने समुपदेशन करणाऱ्यांसाठी, आणि ज्यांच्याकडे मुलगी पहिल्यांदा बोलते त्या कॉलेजातल्या मॅडम, आशाताई, अंगणवाडीताई, विडी युनियनच्या कार्यकर्त्या यांच्यासाठी. जबरी कुठल्याही जातीधर्मात होते. मराठी घरं त्यातून सुटलेली नाहीत. पण ज्या घराची भाषा रस्त्यावरच्या भाषेहून वेगळी आहे, तिथल्या मुलीची कोंडी जास्त घट्ट असते. काम, भाड्याची खोली, उधारी, दवाखान्यातली ओळख, सगळं समाजातूनच येतं. ती ज्या मुलाला नाही म्हणते, त्याच्या चुलत्याच्याच कारखान्यात तिचे वडील माग चालवत असतात.

ठरवलेलं की लादलेलं?

आपल्याकडे बहुतेक लग्नं घरचेच ठरवतात, त्यामुळे इथे घोळ होतो. मी एकच विचारते: “तू नाही म्हणालीस, त्यानंतर काय झालं?” घरच्यांनी तोंड पाडलं, दोन दिवस अबोला धरला आणि मग दुसरं स्थळ बघायला लागले, तर ते ठरवून केलेलं लग्न. मोबाइल काढून घेतला, कॉलेज बंद केलं, भावाने हात उचलला, आईने “विष पिते” म्हणून बाटली दाखवली, तर ती जबरी. आणि “नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता की हो मॅडम” असं उत्तर आलं तर तीही जबरीच धरा. मार खाल्ल्याची खूण शोधत बसू नका.

पहिली भेट

ब्रिटनमध्ये जबरीच्या लग्नांबाबत जी सरकारी मार्गदर्शिका आहे, तिच्यात ‘एकच संधी’ असा नियम आहे: मुलीशी बोलायची वेळ कदाचित एकदाच मिळेल, तेव्हा त्या एका भेटीत जमेल तेवढं काम उरकायचं. सोलापुरात तो तंतोतंत लागू पडतो. तिला “पुढच्या मंगळवारी ये” म्हणू नका. मंगळवारपर्यंत तिला “आजीला बघून येऊ” म्हणून तेलंगणात किंवा कलबुर्गीकडे नेलेलं असतं.

भेट कुठे घ्यायची? ती जिथे आधीपासून जाते तिथे. विडी वळणाऱ्या घरातली मुलगी तयार विड्या जमा करायला आणि पान-तंबाखू आणायला घराबाहेर पडते. तिथे रांग असते, वेळ लागतो आणि उशीर झाला तरी कोणी शंका घेत नाही. शिवणक्लास, सिव्हिलची ओपीडी, कॉलेजची लायब्ररी, आशाताईचं घर यांचंही तसंच. आपलं ‘महिला समुपदेशन केंद्र’ असं पाटी लावलेलं ऑफिस ही शेवटची जागा. त्या जिन्यावर तिला कोणी चढताना पाहिलं की संध्याकाळपर्यंत गल्लीभर होतं.

फोनची एक गोष्ट सांगते, माझ्या चुकीची. सुरुवातीच्या काळात एका मुलीचा मिस्ड कॉल आला. मी उलट फोन केला. उचलला तिच्या भावाने. मी बावळटासारखं नाव आणि संस्था सांगून मोकळी झाले. पुढचे पाच महिने ती मुलगी मला दिसली नाही. तेव्हापासून पहिल्याच भेटीत तीन-चार गोष्टी ठरवून टाकते: मी कधीही आपणहून फोन करणार नाही, केलाच तर मी कोण (शिवणक्लासची ताई, परीक्षेच्या फॉर्मची मॅडम), ‘बोलता येत नाही’ याची खूण म्हणून कुठला साधा शब्द, आणि माझा नंबर तिने कुठल्या नावाने ठेवायचा. व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्या मोबाइलला जोडलेलं आहे का, तेही तिला तिथेच बघायला लावते. बऱ्याच वेळा असतं, आणि तो दुसरा मोबाइल भावाचा असतो.

भाषा. मुलगी मराठी फाडफाड बोलते म्हणून दुभाषी नको, असं समजू नका. शाळेचं, कामाचं ती मराठीत सांगेल. रडू मात्र घरच्या भाषेत येतं. “नाकू इष्टम लेदु” हे तीन शब्द एका मुलीने माझ्यासमोर पाऊण तास मराठी बोलल्यावर उच्चारले, आणि खरी भेट तिथून सुरू झाली. माझं तेलुगू मोडकं आहे, तरी त्या मोडक्या भाषेचा उपयोग अस्खलित मराठीपेक्षा जास्त झालाय. दुभाषी लागलीच तर बाई हवी आणि तिच्या गल्लीतली, नात्यातली, समाजाच्या मंडळातली नको. धाकट्या बहिणीला तर कधीच दुभाषी करू नका. त्या पोरीच्या डोक्यावर आयुष्यभराचं ओझं बसतं.

आणि गुप्ततेचं खोटं वचन देऊ नका. “कोणालाच सांगणार नाही” असं म्हणायच्या आधी वय विचारा. अठराच्या आतल्या मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्याच्या (2012) कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे तिला आधी सांगा. मग काय बोलायचं ते तिचं ती ठरवेल.

धोका किती, ते मोजा

तारीख ठरली का? साखरपुडा, निश्चितार्थम, मंगनी यांतलं काय काय उरकलं? घरात कोण पहारा देतं? आधी कोणी मारलंय का, गळा दाबलाय का? (गळ्याचं उत्तर ‘हो’ आलं तर तो धोका सगळ्यांत वरचा.) घरात याआधी एखाद्या मुलीने नकार दिला होता का, आणि तिचं काय झालं? बाहेरगावी न्यायची भाषा चालू आहे का? हे सगळं गप्पांच्या ओघात येऊ द्या, फॉर्म भरल्यासारखं नको.

एक प्रश्न मात्र सरळ विचारा: “मरून जावंसं वाटतं का?” विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही, उलट कोणीतरी विचारलं यानेच जीव हलका होतो. उत्तर हो असेल तर कधी, कशाने, घरात काय ठेवलेलं आहे, तेही विचारा. शेतीच्या घरात फवारणीचं औषध हाताशी असतं. त्या दिवशी बाकी सगळं बाजूला ठेवून डॉक्टर, आणि रात्रीबेरात्रीसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर तिच्या तोंडपाठ.

तिचं कोणावर प्रेम आहे का, हे मी पहिल्या भेटीत विचारत नाही. घरचे, पोलीस, नातेवाईक सगळे तोच प्रश्न विचारतात. मुलगा आहे म्हणून नकार खोटा ठरत नाही, आणि मुलगा नसला म्हणून तो जास्त पवित्र होत नाही.

चार लोकांचा नकाशा

आता मुख्य काम. कागद घ्या, मधे मुलीचं नाव लिहा. मग तिला विचारा: हे लग्न मोडलं तर कोणाचं काय बिघडेल? कोण येऊन बाबांना बोलेल? ज्यांची नावं येतील ती भोवती लिहा आणि प्रत्येकापुढे त्याचं काय अडकलंय ते. बहुतेक वेळा नावं तीन ते सहा निघतात. मुलगी स्वतःच चकित होते. तिला वाटत असतं सगळा समाज विरुद्ध आहे.

तेलुगू आणि कन्नड घरांत पहिलं नाव बऱ्याचदा मामाचं असतं. मेनमामा म्हणा, सोदरमाव म्हणा. मामाशी किंवा मामे-आत्तेभावाशी लग्न ही इथे जुनी रीत. हिंदू विवाह कायद्यात मामा-भाचीचं नातं निषिद्ध आहे, पण रूढी असेल तर चालतं, त्यामुळे ‘हे बेकायदा आहे’ असं म्हणून सुटता येत नाही, आणि म्हणूही नये. रीतीला नावं ठेवली की आई कायमची गेली, कारण तिचं स्वतःचं लग्न तसंच झालेलं असतं. त्याऐवजी ही रीत काय काम करते ते समजून घ्या. हुंडा वाचतो. मुलगी परक्यात जात नाही. आईचं माहेर तुटत नाही. एक आई मला म्हणाली, “माझ्या भावाला नाही म्हणू? माझा नवरा दारू पिऊन पडला तेव्हा तांदूळ कोणी आणून टाकले?” त्या घरात ‘चार लोक’ म्हणजे एकच माणूस होता आणि त्याचं देणं तांदळाचं होतं. तिथे मुलीच्या हक्कांवर भाषण देऊन काय होणार? आम्ही त्या मामालाच भेटलो, मुलीच्या परवानगीने. त्याला स्वतःलाही हे लग्न नको होतं. बहिणीला वाईट वाटेल म्हणून तो गप्प होता! दरवेळी असं सुखाचं निघत नाही. पण नकाशा काढला नसता तर हे कळलंच नसतं.

साटंलोटं असेल तर नकाशा आणखी किचकट. आपली मुलगी त्यांच्या घरात, त्यांची आपल्या. एकीने नाही म्हटलं की दुसरीचा मांडलेला संसार मोडतो. इथे त्या दुसऱ्या मुलीलाही नकाशात घ्यावं लागतं, आणि तिच्याशी बोलायला वेगळी समुपदेशक हवी. एकाच बाईने दोघींचं काम बघू नये. कोणाची बाजू कधी घेतली जाते ते आपल्यालाही कळत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत, तांड्यावर, पारधी वस्तीवर मुकादमाची उचल असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामाच्या आधी लग्न लागलं की घरात एक कोयता वाढतो. शिवाय वयात आलेली मुलगी गावी एकटी कोणाच्या भरवशावर ठेवायची, ही भीती खरी आहे. तिथे हंगामी वसतिगृहाची जागा मिळवून देणं हे दहा समुपदेशनांपेक्षा मोठं काम आहे.

जिथे जातपंचायत बसते, तिथे पंच हे उघड उघड ‘चार लोक’. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा 2016 चा कायदा आहे, 3 जुलै 2017 पासून लागू. वाळीत टाकणाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. धमकी देण्यासाठी तो वापरू नका. घाबरलेल्या वडिलांना धीर द्यायला वापरा. “पंच बाहेर टाकतील” म्हणणाऱ्या बापाला कायदा आपल्याही बाजूला आहे हे पहिल्यांदा कळतं, तेव्हा त्याचा चेहरा बदलतो.

अठराच्या आत असेल तर

इथे वाटाघाटी कमी, हालचाल जास्त. चाइल्डलाइनच्या 1098 ला फोन. गावात ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, शहरात बालविकास प्रकल्प अधिकारी. बाल न्याय कायद्याप्रमाणे (2015), लग्न लावलं जाण्याचा धोका असलेली मुलगी ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक’ ठरते, म्हणजे तिचा विषय बालकल्याण समितीसमोर नेता येतो. धर्म कुठलाही असो.

वयाचा पुरावा आधी हातात घ्या. शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र पहिलं, ते नसेल तर महापालिकेचा वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि काहीच नसेल तर वैद्यकीय तपासणी, असा बाल न्याय कायद्याच्या कलम 94 चा क्रम आहे. आधारकार्डावरची तारीख दाखवून “अठरा पूर्ण आहेत” असं सांगणारे हमखास भेटतात.

लग्न थांबवलं की पालकांकडून हमीपत्र लिहून घ्यायची पद्धत आहे. मला त्याचा फारसा भरवसा नाही. एका ठिकाणी दुपारी हमीपत्र झालं, सगळ्यांनी फोटो काढले, आणि नवव्या दिवशी सीमेपलीकडच्या गावात लग्न लागलं. तारीख जवळ असेल तर बालविवाह प्रतिबंध कायद्याच्या (2006) कलम 13 खाली दंडाधिकाऱ्यांचा मनाई हुकूम मागा. तो असताना लावलेलं लग्न मुळातच रद्दबातल ठरतं. जबरीने किंवा फसवून पळवून नेऊन लावलेलंही तसंच, कलम 12 प्रमाणे.

अठरा पूर्ण असतील तर

लोकांचा समज असा की कायदा फक्त बालविवाहाला आहे, सज्ञान मुलीच्या बाबतीत ‘घरचा मामला’. तसं नाही. कौटुंबिक हिंसाचार कायदा (2005) सुनांसाठी जेवढा तेवढाच लेकींसाठी. त्याच्या नियमांतला जो घटना-अहवालाचा नमुना आहे, त्यात मनाविरुद्ध लग्नाला भाग पाडणं आणि पसंतीच्या व्यक्तीशी लग्न करू न देणं, दोन्ही गोष्टी मानसिक छळात स्पष्ट लिहिलेल्या आहेत. संरक्षण अधिकाऱ्यांकडे हा अहवाल भरून घ्या. कलम 18 खाली संरक्षण आदेश, 19 खाली त्याच घरात राहण्याचा हक्क, आणि तातडी असेल तर कलम 23 खाली समोरच्याला न ऐकताही अंतरिम आदेश मिळू शकतो. 2016 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर हा अर्ज बायकांविरुद्धही, म्हणजे आई, काकू, मामी यांच्याविरुद्धही करता येतो. करावा का, हा वेगळा प्रश्न. बऱ्याच मुली बापाविरुद्ध सही करतात आणि आईचं नाव आलं की पेन खाली ठेवतात. ठेवू द्या.

डांबून ठेवलं असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 100 खाली शोध-वॉरंट काढून दंडाधिकारी तिला सोडवू शकतात. लग्नासाठी पळवून नेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 87 चा गुन्हा, दहा वर्षांपर्यंत शिक्षेचा. आणि लग्न होऊन गेलं असेल तरी दार बंद नाही: हिंदू विवाह कायद्याच्या कलम 12 प्रमाणे बळजबरीने संमती घेतलेलं लग्न रद्द करून घेता येतं, पण जबरी संपल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज हवा. मुस्लिम मुलीचं लग्न पंधराच्या आत वडिलांनी किंवा पालकाने लावलं असेल आणि संबंध आलेला नसेल, तर 1939 च्या कायद्याप्रमाणे अठरा पूर्ण व्हायच्या आत ते नाकारता येतं. निकाहात मुलीची इजाजत विचारावी लागते, हे दखनी घरातल्या आजीला चांगलं ठाऊक असतं. कायद्याच्या पुस्तकाआधी त्या आजीला गाठा.

वकिलाचे पैसे कुठून आणू, असं मुलगी विचारेलच. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. नंबर 15100.

पोलिसांकडे कधी, कसं

सोलापूर शहराला पोलीस आयुक्तालय आहे, जिल्ह्याला वेगळे अधीक्षक. घर कुठल्या हद्दीत येतं ते आधी बघून ठेवा, नाहीतर रात्री अकरा वाजता दोन ठाण्यांमध्ये चेंडू होतो. “आमच्या हद्दीत नाही” असं कोणी म्हणालं तरी गुन्हा नोंदवून घेणं भाग आहे; शून्य क्रमांकाने नोंदवून नंतर योग्य ठाण्याकडे पाठवतात. मुलीला कर्नाटक-तेलंगणात नेलं असेल तेव्हा हे फार कामाला येतं. 112 तिकडेही चालतो, हे तिला सांगून ठेवा.

पण सेटलमेंट भागातल्या (ब्रिटिशांनी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना जिथे वसवलं तो भाग) किंवा पारधी वस्तीवरच्या मुलीला ‘पोलिसांकडे जा’ म्हणताना थांबा. 1871 पासूनच्या कायद्यांनी या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, 1952 साली तो शिक्का कागदावरून पुसला. मनातून दोन्हीकडून पुसला गेलेला नाही. ती ठाण्यात गेली की तिच्या भावावर जुनीच एखादी केस निघेल, ही भीती तिला लग्नापेक्षा मोठी वाटू शकते. अशा वेळी संरक्षण अधिकारी, सखी वन स्टॉप सेंटर (हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र), विधी सेवा प्राधिकरण ही वाट आधी. 181 या महिला हेल्पलाइनवर फोन केला तरी तिथपर्यंत पोचता येतं.

आईबापांशी बोलणं

पहिला नियम: मुलीने मागितल्याशिवाय नाही. दुसरा: मारहाण, जिवे मारायची धमकी किंवा पळवून न्यायची तयारी असेल तर मुळीच नाही. ‘समोरासमोर बसवून मिटवू’ ही आपल्याकडची जुनी खोड. समोरासमोर बसवलं की मुलगी मान खाली घालते, सगळे म्हणतात “बघा, तिची काही तक्रार नाही”, आणि रिक्षातून घरी जाताना पहिली थोबाडीत बसते.

बोलायचं ठरलं तर आधी एकटी तुम्ही, एकट्या आईशी. सूप मांडीवर घेऊन ती विड्या वळत असेल तर तिचं काम थांबवू नका. हजाराचा हिशोब पुरा झाला नाही तर तिची मजुरी जाते. हात चालू असले की बाई जास्त बोलते, शिवाय नजर खाली असल्यामुळे लाजही कमी वाटते. पहिल्या बैठकीत मुलीच्या लग्नाबद्दल बोलूच नका. तिचं लग्न कसं झालं ते विचारा. “तुम्हाला कोणी विचारलं होतं का हो?” या प्रश्नानंतरची शांतता मी कितीतरी घरांत ऐकलेली आहे. काहीजणी रडतात. काहीजणी चिडतात: “मला विचारलं नाही, मी मेले का?” चिडणारीशीही पुढे जमतं. गोड हसून चहा देणारी आई जास्त अवघड.

वडिलांशी बोलायला शक्यतो त्यांच्या समाजातला, त्यांच्या भाषेतला, वयाने मोठा पुरुष बरोबर असावा, पण तो नकाशावरचा नको. मागणी नेमकी आणि लहान ठेवा. ‘लग्न मोडा’ ही मोठी मागणी. ‘परीक्षा होईपर्यंत तारीख नको’, ‘मोबाइल परत द्या’, ‘नर्सिंगचा फॉर्म भरू द्या’ या लहान. घराला माघार घ्यायला लाज न वाटेल असं कारण लागतं: पत्रिका जुळली नाही, डॉक्टरांनी रक्ताच्या नात्यात नको सांगितलं, नोकरी लागतेय. कोणी म्हणेल, ही तर लपवाछपवी. असेल. मुलगी सुखरूप असेल तर बापाला चारचौघांत सांगायला एक सबब मिळाली, याचं मला काही वाईट वाटत नाही.

आणि मुलीला माहीत नसलेलं एक वाक्यही त्या घरात बोलू नका.

घर सोडायचं ठरलं तर

निर्णय तिचा. “निघ” असं आपण म्हणायचं नाही, “थांब” असंही नाही. दोन्हीकडे काय होईल ते मांडायचं. ठरलंच तर कागद आधी बाहेर काढायचे, माणूस नंतर. शाळेचा दाखला, गुणपत्रिका, आधार, जातीचा दाखला, बँकेचं पासबुक. मूळ कागद हलवता आले नाहीत तर फोटो काढून, डिजिलॉकर उघडून ठेवा. बँकेला आणि आधारला कोणाचा मोबाइल नंबर जोडलाय ते बघाच. ओटीपी बापाच्या फोनवर जात असेल तर पैसे तिचे असून नसल्यासारखे. दागिने, घरातली रोकड घेऊ देऊ नका. चोरीची तक्रार ही पहिली प्रतिक्रिया असते.

दुसरी प्रतिक्रिया ‘मिसिंग’. म्हणून निघाल्याबरोबर तिच्या हाताने, तिला येत असलेल्या भाषेत लिहिलेलं पत्र: मी सज्ञान आहे, स्वखुशीने घर सोडलं, मला कोणी पळवलेलं नाही. एक प्रत ठाण्याला, एक विधी सेवा प्राधिकरणाला, पोचपावती आपल्याकडे. जबाबाला बोलावलं तर वकिलासह जायचं. सज्ञान व्यक्तीच्या निवडीत घरच्यांनी किंवा पंचायतीने आड येऊ नये, हे सर्वोच्च न्यायालयाने 27 मार्च 2018 च्या शक्ती वाहिनी निकालात ठणकावून सांगितलं आहे. त्याची प्रत पिशवीत असू द्या. राहायला सखी सेंटरमध्ये काही दिवस, पुढे शक्ती सदन हा सरकारी निवारा किंवा नोकरदार महिलांचं वसतिगृह. स्वतःच्या घरी कधीही ठेवू नका. मायेपोटी मी एकदा ठेवलं आणि दोन दिवसांत माझ्या दारात तीसजण उभे होते.

नंतर

पहिले पंधरा दिवस ती खूश असते. मग नारळी पौर्णिमा येते, मार्कंडेयाचा रथ निघतो, आणि तिला आईच्या हातचं आठवतं. फोन लावते. आई रडते, “अप्पांना अ‍ॅटॅक आला, एकदा येऊन जा.” अ‍ॅटॅक खराही असू शकतो. मी अडवत नाही. जायचंच तर दिवसा, सोबत कोणी, परत यायची वेळ ठरवून, आणि वेळ टळली तर मी काय करणार हे दोघींना माहीत असतं. ती परत घरी राहायला गेली तर त्याला मी अपयश मानत नाही. रस्ता एकदा बघितलेला असतो. एक मुलगी तीनदा परत गेली होती. चौथ्यांदा तिने आईलाच बरोबर आणलं.

नोंदी तिच्या शब्दांत, तिच्या भाषेत ठेवा. ‘मानसिक त्रास’ असं लिहू नका. “अन्ना मेडा पिसिकाडु” असं ती म्हणाली असेल तर तेच लिहून शेजारी मराठी अर्थ द्या: भावाने गळा दाबला. कोर्टात या दोन नोंदींचं वजन वेगवेगळं पडतं. फाइलवर खरं नाव नको, वेगळ्या वहीत क्रमांक.

आणि फाइल बंद करायची घाई नको. अठराच्या आत जिचं लग्न लागलं, तिला 2006 च्या कायद्याच्या कलम 3 प्रमाणे ते रद्द करून मागता येतं, पण सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत, म्हणजे विसावं वर्ष पुरं होईपर्यंतच. सासरी नांदतेय म्हणून आपण विसरतो आणि तारीख निघून जाते. माझ्याकडे अशा प्रत्येक फाइलच्या पुठ्ठ्यावर लाल पेनाने तिचा विसावा वाढदिवस लिहिलेला असतो. त्याच्या सहा महिने आधी परीक्षेच्या फॉर्मची मॅडम तिला फोन लावते.